कालवा बोगद्यात न्या, पण काठ मोटारींना देऊ नका

प्रति,
संपादक महोदय,

खडकवासला धरणापासून फुरसुंगीपर्यंत उघड्या कालव्याऐवजी बोगद्यातून पाणी नेण्याच्या योजनेच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. सुमारे २८ किलोमीटरचा हा बोगदा झाला की गळती थांबेल, बाष्पीभवन टळेल, पाणीचोरीला आळा बसेल, असे त्यात म्हटलेले असते. खर्चाचे आकडेही असतात. पण पाणी जमिनीखाली गेल्यावर वर उरणाऱ्या कालव्याचे आणि त्याच्या काठांचे काय करायचे, यावर कुणी नीट लिहिलेले माझ्या वाचनात नाही. ओळखीपाळखीत विषय काढला की एकच उत्तर येते, "रस्ता करतील, दुसरं काय!"

त्या उत्तराला हरकत घेण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ही पट्टी मोटारींना देऊ नये. तिथे डांबर नको, काँक्रीट नको, पेव्हर ब्लॉकही नकोत. चांगला दाबलेला मुरूम टाकून ती पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी राखावी. आणि हे बोगद्याचे काम संपल्यावर नव्हे, आत्ताच, विकास आराखड्यात आरक्षण टाकून पक्के करावे.

मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक म्हणून नोकरी केली. संगणक यायच्या आधी कालव्यांचे उभे आणि आडवे छेद आम्ही ट्रेसिंग कापडावर शाईने उतरवत असू, मग त्यांच्या अमोनिया प्रिंट निघत. उभ्या छेदात जमिनीची रेघ वरखाली होत जायची. टेकडी आली की चढायची, ओढा आला की खाली पडायची. तिच्यातून कालव्याच्या तळाची रेघ मात्र जवळजवळ आडवी जायची. हजारो फुटांना एखादा फूट, एवढाच तळउतार. यापेक्षा जास्त दिला तर पाणी काठ खरवडते, कमी दिला तर गाळ बसतो. म्हणून कालवा टेकडीला वळसे घालत, एकच पातळी धरून चालतो. ओढा आडवा आला तर जलसेतूवरून किंवा सायफनमधून, म्हणजे ओढ्याखालून जाणाऱ्या बंद नळीतून, पलीकडे जातो. खडकवासल्याचे मूळ धरण आणि त्याचा कालवा इंग्रजांच्या काळात, १८७० च्या दशकात झाले. पुढे नवा मुठा उजवा कालवा झाला, तो दौंडवरून थेट इंदापूरपर्यंत जातो. शहरातून जाणारी ही रेघ कुणी सायकलसाठी आखली नव्हती. पण सायकलसाठी पुण्यात इतकी चांगली दुसरी रेघ आजच्या कुठल्याही अभियंत्याला सापडणार नाही, हे मी माझ्या टेबलावरच्या नकाशांच्या भरवशावर सांगते.

पुण्यात सायकल चालवणाऱ्याला चढ कुठे कुठे आहे हे पायांनी ठाऊक असते. बिबवेवाडीचा, कात्रजकडचा, बावधनकडचा. साठीच्या पुढच्या माणसाने, गुडघ्याचे दुखणे असलेल्याने, दहा वर्षांच्या मुलाने सायकल कुठे चालवायची? कालव्याच्या काठावर खडकवासल्यापासून सिंहगड रस्त्याच्या बाजूने, पर्वतीच्या पायथ्याने, स्वारगेट, एम्प्रेस गार्डन, हडपसर असे शहर आरपार ओलांडताना मुद्दाम पाय दाबावा असा चढच लागणार नाही. आणि ही जमीन बरीचशी आधीच सरकारी आहे. नवीन रस्त्यासाठी भूसंपादनात वर्षानुवर्षे जातात. इथे एक सलग पट्टी कित्येक दशकांपासून आपल्या हातात आहे.

निवृत्तीनंतर मी पुन्हा सायकलवर बसले, आणि माझी सायकल बहुतेक हडपसरच्या पुढे असते. शेवाळवाडी मागे टाकली की लोणी काळभोर, उरुळी कांचनच्या दिशेला कालव्याच्या भरावावरून तपासणीचा कच्चा रस्ता आहे. तो खात्याच्या जीपसाठी आणि पाटकऱ्यांसाठी, म्हणजे कालव्यावर देखरेख करणाऱ्या माणसांसाठी, केलेला. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला ऊस नाहीतर कांद्याचे वाफे. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी सोडलेले पाणी, सुरू असले की पाण्याचा वेग आणि सायकलचा वेग यांची नकळत तुलना होत राहते. करंज, बाभूळ, उंबर यांची सावली सलग नसली तरी पुष्कळ असते. खंड्या तारेवर, ढोकरी काठाला चिकटून, टिटवी रागावून डोक्यावर. समोरून फार तर एखादा शेतकरी मोटारसायकलवर येतो, चाऱ्याचा भारा मागे बांधलेला, आणि ओळख नसताना मान हलवतो. हॉर्न ऐकू येत नाही. माणूस शेजारी सायकल चालवत असेल तर त्याच्याशी साध्या आवाजात बोलता येते. शहरातल्या सायकल ट्रॅकवर मला हे कधीच साधलेले नाही. तिथे पुढे उभी असलेली रिक्षा, दुचाकींची रांग, अर्ध्यात संपलेला पट्टा आणि मागून ट्रॅकवरच घुसणारी स्कूटर यांच्याकडे लक्ष देण्यात जीव मेटाकुटीला येतो.

जुन्या कालव्याची, म्हणजे ज्याला हडपसरकडे सगळे बेबी कॅनॉल म्हणतात त्याची गोष्ट वेगळी. त्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसण्याच्या विहिरीतून) उचललेले शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडतात. उन्हाळ्यात त्याला वास येतो, फेसही दिसतो. त्या काठाने जायचे तर नाकाला रुमाल लागतो. हेही सांगितलेले बरे, नाहीतर सगळीकडे नंदनवन आहे असा कुणाचा समज व्हायचा.

अशा वाटांवरून सायकल चालवण्याची आता जगभर मोठी आवड निर्माण झाली आहे. त्यासाठी ग्रॅव्हल बाइक नावाची सायकल मिळते. शर्यतीच्या सायकलसारखे वाकडे हँडल, डिस्क ब्रेक आणि ३५ पासून ५० मिलिमीटरपर्यंत रुंद टायर. शर्यतीच्या सायकलचा टायर २५-२८ मिलिमीटरचा असतो, तो मुरमावर घसरतो आणि हाडे खिळखिळी करतो. या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही २०२२ पासून सुरू झाली, पहिली इटलीत झाली. मगरपट्ट्यातली संगणकवाली मुले लाखभर रुपये देऊन अशी सायकल घेतात आणि रविवारी पहाटे कालव्यावर दिसतात. मला त्यांचे कौतुक आहे. पण ही फक्त त्यांची गोष्ट आहे असे महापालिकेतल्या कुणाला वाटू नये. आपल्याकडच्या दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या काळ्या सायकलला २८ बाय दीड इंचाचा टायर असायचा. दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर. त्या सायकली खेड्यातल्या पाणंदींवरून दोन दोन कॅन घेऊन आयुष्यभर चालल्या. माझी स्वतःची साधी हायब्रिड सायकल आहे. दुकानदाराने तिला चाळीसचे टायर बसवून दिले आणि हवा कमी ठेवायला सांगितले. डांबरावर साठ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) ठेवत असाल तर मुरमावर चाळीसच्या आसपास पुरते. टायर खड्याला बिलगतो, मनगटांना धक्का कमी बसतो. बाकी काही खास लागत नाही. पंक्चरचे सामान मात्र हवेच, कारण बाभळीचा काटा किमती टायर आणि स्वस्त टायर यांत भेद करत नाही.

आता मुरमाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण इथेच सगळी गफलत होते. "कच्चा रस्ता" म्हटले की आपल्याकडे तो अर्धवट राहिलेला, पैसे नसल्यामुळे तसाच सोडलेला रस्ता असा अर्थ घेतला जातो. नगरसेवक येतो, नारळ फोडतो आणि डांबर टाकून जातो. लोकही खूश होतात. चांगला मुरमाचा पृष्ठभाग ही अर्धवट गोष्ट नाही. तो नीट बांधावा लागतो. आधी वरची काळी माती खरवडून काढायची. ती ठेवून वर काहीही टाकले तरी पहिल्या पावसात ती फुगते आणि सगळे गिळते. काळ्या मातीत सायकल घातलेल्या कुणालाही विचारा, चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. माती काढल्यावर खडीचा थर, त्यावर मुरूम एकदम न टाकता दोन थरांत, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर. मुरमात मातीचा अंश फार असेल तर त्यात क्रशरची कच मिसळायची. मध्यभाग किंचित उंच, दोन्ही बाजूंना उतार, आणि पाणी बाहेर पडायला ठरावीक अंतरावर छोट्या मोऱ्या. आपला मुरूम म्हणजे झिजलेला काळा पाषाणच. तो इथलाच आहे, दुरून आणावा लागत नाही.

दर पावसाळ्यानंतर त्याची डागडुजी लागते, हे खरे. कुठे घळ पडते, कुठे मुरूम वाहून जातो. पण चार माणसे, एक ट्रॉली मुरूम आणि एक छोटा रोलर एवढ्यात ते काम होते. काँक्रीटला भेग पडली की पूर्ण पट्टी फोडावी लागते, आणि तोपर्यंत कुणीतरी केबल टाकायला ते आधीच फोडलेले असते. पेव्हर ब्लॉकचे पुण्यात काय होते ते आपण रोज पायांखाली पाहतो. मुरमात पाऊस मुरतो. उन्हाळ्यात दुपारनंतरही तो डांबरासारखा भाजत नाही. चालणाऱ्याच्या गुडघ्यांना तो बरा. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा गुण असा, की त्यावर मोटारीला वेगाने जाण्याचा मोह होत नाही. डांबर पडले की आज सायकलसाठी म्हणून केलेला पट्टा उद्या "सिंहगड रस्त्याला पर्यायी रस्ता" होतो. हा प्रवास एकदा सुरू झाला की परत फिरत नाही.

काही वर्षांपूर्वी माझी मुलगी इंग्लंडमध्ये एक्सेटरला राहत होती. तिच्याकडे गेले असताना आम्ही कॉर्नवॉलमधल्या कॅमल ट्रेल या वाटेवर गेलो होतो. जुन्या रेल्वेची रुळ उखडलेली वाट आहे ती. वेडब्रिज आणि बॉडमिन यांच्यामधली रेल्वे १८३४ सालची. पुढे समुद्राकडे पॅडस्टोपर्यंत जाणारी प्रवासी गाडी १९६७ मध्ये बंद झाली, आणि वरच्या अंगाला चिनी माती वाहणारी मालगाडी १९८३ पर्यंत चालली. आज तिथे सुमारे २९ किलोमीटर दाबलेल्या खडीची वाट आहे आणि तिच्यावर मोटारी नाहीत. वेडब्रिजला भाड्याने सायकली मिळतात. तिथून एका बाजूला खाडीच्या काठाने पॅडस्टोचे बंदर, साधारण नऊ किलोमीटर. ओहोटी असली की वाळूचे पट्टे उघडे पडतात, भरती असली की पाणी वाटेच्या अगदी खाली येते, आणि बंदराच्या अलीकडे एका ओढ्यावरचा जुना लोखंडी रेल्वेपूल सायकलवरून ओलांडायचा. दुसऱ्या बाजूला नदीच्या काठाकाठाने ओकच्या रानातून बॉडमिनकडे आणि पुढे मोकळ्या माळाच्या पायथ्याशी वेनफर्डब्रिजला. नदी, समुद्र आणि रान अशा तिन्ही गोष्टी एकाच वाटेवर.

मला तिथले सौंदर्य आवडलेच, पण मी पाहत राहिले ती माणसे. काठी घेतलेले आजोबा, लहान मुलांना मागच्या गाडीत बसवून ओढणारे आईबाप, व्हीलचेअरवरची एक बाई, घोड्यावर बसलेली मुलगी. त्यांच्यात घट्ट कपडे घालून वेगाने जाणारा सायकलस्वार अगदी तुरळक, आणि तोही माणसे दिसली की वेग कमी करत होता. रेल्वेलाही कालव्याप्रमाणेच चढ चालत नाही. म्हणून ती वाट म्हाताऱ्या-लहानांना झेपते. आमच्या टेबलावरच्या त्या आडव्या रेघेचा उपयोग तिकडच्या लोकांनी ओळखला, एवढाच फरक. तिथला पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, आपला चार महिन्यांत कोसळतो, म्हणून तिथली वाट जशीच्या तशी इथे आणता येणार नाही. निचऱ्याची व्यवस्था आपल्याला जास्त करावी लागेल. तेवढे आपल्या अभियंत्यांना नक्कीच जमते.

संपादकांना पत्र लिहिते आहे म्हणून आणखी एक हकीकत सांगायलाच हवी. अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या काठाने वॉशिंग्टनपासून कंबरलँडपर्यंत चेसापीक आणि ओहायो नावाचा कालवा आहे. लांबी १८४.५ मैल, म्हणजे जवळजवळ २९७ किलोमीटर. काठावरून खेचरे चालत आणि दोराने नावा ओढत. १९२४ च्या पुरानंतर वाहतूक बंद पडली आणि कालवा ओस पडला. पुढे त्याच्या काठाने मोटारींसाठी रस्ता करायची योजना आली. ३ जानेवारी १९५४ रोजी वॉशिंग्टन पोस्ट या दैनिकाने अग्रलेख लिहून त्या रस्त्याला पाठिंबा दिला. तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्याच दैनिकाच्या संपादकांना पत्र लिहिले, ते १९ जानेवारीला छापून आले. माझ्याबरोबर हा सगळा काठ पायी चाला आणि मग मत बनवा, असे आमंत्रण त्यांनी त्यात दिले होते. संपादकीय विभागातल्या लोकांनी ते स्वीकारले. मार्चमध्ये आठ दिवस सगळे चालले. वाटेत कुठे ना कुठे मिळून ५८ जण सामील झाले, संपूर्ण अंतर नऊ जणांनी पायी पुरे केले. डग्लस त्यांतले एक. पुढे दैनिकाने आपली भूमिका बदलली. १९६१ मध्ये कालव्याला राष्ट्रीय स्मारकाचा आणि १९७१ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. आज त्या काठावर खडी-मातीच्या वाटेने लोक दिवसच्या दिवस सायकल चालवतात. मोटाररस्ता झाला असता तर तो एव्हाना इतर रस्त्यांसारखाच तुंबलेला असता, असे मला वाटते.

आता आपल्याकडच्या अडचणींविषयी. त्या खऱ्या आहेत.

पहिली आणि मोठी गोष्ट वस्त्यांची. जनता वसाहत, दांडेकर पूल या भागात कालव्याचा काठ म्हणजे हजारो लोकांचे अंगण आहे. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ कालव्याची भिंत फुटली, तेव्हा भरदिवसा त्यांच्याच घरांत पाणी घुसले आणि संसार वाहून गेले. सायकलवाल्यांची हौस म्हणून त्यांना उठवायचे असेल तर मला ही वाट नको. उलट वाट त्यांच्यासाठीही झाली पाहिजे. शाळेत जाणारी मुले, धुण्याभांड्याच्या कामाला चार सोसायट्या पायी फिरणाऱ्या बायका, मंडईतून भाजी आणणारे लोक यांना आज भर रहदारीतून जीव मुठीत धरून जावे लागते. वाहनांपासून वेगळी, सपाट, दिवे असलेली वाट त्यांना सर्वांत जास्त उपयोगी पडेल. बाहेरून येणाऱ्या रविवारच्या सायकलस्वारापेक्षा त्यांचा हक्क मोठा आहे, आणि वाटेचा आराखडा करताना त्यांना आधी विचारले पाहिजे.

दुसरी अडचण दुचाकींची. सायकल जिथून जाते तिथून मोटारसायकलही जाते. लोखंडी वाकडी गेटे लावली तर व्हीलचेअर आणि मुलांच्या गाड्या अडतात, मोटारसायकलवाला मात्र शेजारून वाट काढतो. फाटकांनी हे सुटेल असे मला वाटत नाही. मुरूम, माणसांची वर्दळ आणि सकाळ-संध्याकाळ काठीवाला पहारेकरी, हेच उपाय चालतील. पूर्वी खात्याचे पाटकरी काठावर फिरत असत, कालव्याचा प्रत्येक उंबर आणि प्रत्येक झिरपा त्यांना पाठ असे. ती पदे रिकामी होत गेली. वाटेची निगा राखायला स्थानिक माणसे पगारावर नेमावीत, ठेकेदाराच्या फलकापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

तिसरी, बायकांची. संध्याकाळी सातनंतर निर्जन काठाने मी जात नाही, आणि माझ्या सुनेलाही जा म्हणत नाही. इथे दिवे हवेत, आणि दर काही अंतरावर वस्तीकडे बाहेर पडायला जिने किंवा उतार हवेत. एकदा शिरलो की दोन किलोमीटर सुटकाच नाही, अशी वाट कितीही सुंदर असली तरी बायका वापरणार नाहीत.

चौथी गोष्ट अडचण वाटते, पण मला ती संधी दिसते. कालव्याच्या काठाने जाताना प्रत्येक मोठ्या रस्त्यापाशी काठ तुटतो; पुलाचा कठडा आडवा येतो आणि आपण रहदारीत फेकले जातो. स्वारगेटजवळ हे होते, पुढे सोलापूर रस्त्यापाशीही होते. पण पाणी बोगद्यात गेले की कालव्याचे कोरडे पात्र त्याच पुलांच्या खालून जाणार आहे. म्हणजे शहरातले मोठमोठे रस्ते सायकलने सिग्नलशिवाय, खालून ओलांडण्याची सोय आयती तयार आहे! काही पुलांखाली डोक्याला पुरेशी उंची नसेल, तिथे तळ थोडा उतरवावा लागेल. पावसाचे पाणी साचू नये म्हणून पंप किंवा मोरी लागेल. एकेक पूल मोजून पाहावा लागेल. खात्याच्या कपाटात या सगळ्या पुलांचे छेद आहेत. त्यांतले काही माझ्या हातचे असतील.

झाडांचाही विचार व्हावा. काठावरचे उंबर आणि करंज कालव्याच्या झिरपणीवर वाढले आहेत. पाणी अचानक बंद झाले तर ती झाडे दोन उन्हाळ्यांत वाळतील आणि मग "वाळलेली झाडे काढून टाकली" एवढी एक ओळ बातमीत येईल. पात्राच्या एका कडेने पावसाचे पाणी अडवणारी चर ठेवली तर ती जगतील.

पुण्याचा सायकल आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला, त्यात आठशे किलोमीटरहून जास्त लांबीचे जाळे कागदावर आहे. ४४ किलोमीटर नदीकाठ सुधारण्याचे कामही चालू आहे. तिथे जे बांधले जाते त्यात दगड-काँक्रीट फार आणि माती कमी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तळजाईच्या आणि वेताळ टेकडीच्या पायवाटांवरून हल्ली सायकली घातल्या जातात. सायकलप्रेमी असूनही मला ते पटत नाही. त्या अरुंद वाटा चालणाऱ्यांच्या आहेत, उतारावर चाकांनी माती सुटते आणि जमिनीवर अंडी घालणारे पक्षी दूर जातात. पण तरुणांना "इथे नको" म्हणायचे तर "तिथे जा" म्हणता येईल अशी जागा दाखवायला हवी. पर्वतीच्या पायथ्याने जाणारा कालवा ही ती जागा आहे.

माझी मागणी एवढीच आहे. बोगद्याच्या मंजुरीच्या कागदांतच, खडकवासला ते फुरसुंगी कालव्याची पूर्ण रुंदी मोटारविरहित वाट म्हणून राखीव आहे, असे लिहून घ्यावे. तुकडे पाडून कुणालाही देऊ नये, वाहनतळालाही नाही, विक्री केंद्रालाही नाही. रेषा एकदा मध्येच तुटली की तिचा उपयोग संपतो. बोगदा व्हायला वेळ लागणार असेल तर तोपर्यंत हडपसरच्या पुढच्या तपासणी रस्त्यावर दोनचार किलोमीटर मुरूम नीट दाबून नमुना करून दाखवावा. तिथे वस्ती कमी आहे, खर्च थोडा आहे आणि लोक आजही तिथे सायकल चालवतातच. जलसंपदा विभागाने काठावर "प्रवेश निषिद्ध" असे फलक लावले आहेत. कालव्याची सुरक्षितता लक्षात घेता ते समजण्यासारखे आहे, पण पायी आणि सायकलने जाणाऱ्यांना ठरावीक वेळेत परवानगी देता येईल. रोज माणसे जातात तिथे भरावाला पडलेले बीळ आणि झिरपा लवकर दिसतो, हा खात्याचाच फायदा आहे.

संपादक महोदय, न्यायमूर्ती डग्लस यांच्याइतका माझा अधिकार नाही. तरीही आमंत्रण देते. पावसाळा सरला की एखाद्या रविवारी सकाळी साडेसहाला आपण किंवा आपले वार्ताहर लोणी काळभोरजवळ कालव्यावरच्या पुलापाशी या. तिथून उरुळी कांचनच्या दिशेने जाऊ, उन्हाच्या आत परत येऊ. सायकल नसेल तर माझ्या मुलाची जुनी सायकल मी आणते, तिचे टायर रुंद आहेत. मुरूम चांगला बसलेली जागा, काळ्या मातीने खाल्लेली जागा आणि ट्रॅक्टरने उखडलेली जागा अशा तिन्ही जागा तुम्हाला दाखवते. बरोबर महापालिकेच्या पथ विभागातले आणि जलसंपदा विभागातले कुणी येणार असेल तर जरूर आणा. पुलांच्या छेदांबद्दल मला त्यांच्याशी बोलायचे आहे.

आपली,
एक निवृत्त अनुरेखक
हडपसर, पुणे